कळलावीच्या विषाची कुळकथा

पुणे-सातारा रस्त्यावरचं वरवे बुद्रुक मागे टाकून भोर-वेल्ह्याच्या डोंगरांकडे निघालं, की पावसाळ्यात काट्याकुट्यांच्या कुंपणावर चढलेली कळलावी भेटते. पानांच्या टोकांचे ताणे करून ती आधार धरते. पाकळ्या वर वळलेल्या, बुडाशी पिवळ्या, टोकाला लालभडक. आयुर्वेदात हिला लांगली म्हणतात आणि उपविषांत गणतात. अडलेल्या बाळंतिणीला कंदाचा लेप लावायची रीत जुनी आहे. पण हाच कंद पोटात जाऊन माणसं दगावली आहेत. या विषातला मुख्य अंश म्हणजे कोल्चिसिन, आणि आज हृदयरोगतज्ज्ञ त्याच्याकडे मोठ्या आशेनं पाहतात.

पेलतिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनज्ञांनी १८२० साली कोल्चिसिन वेगळं काढलं ते युरोपातल्या कोल्चिकम या कंदातून. कळलावीतही तेच आहे हे १९१५ मध्ये सिद्ध झालं. गाउटनं सुजलेल्या सांध्यांवर कोल्चिकम देण्याची प्रथा मात्र सहाव्या शतकातल्या वैद्यांपासूनची. ते का लागू पडतं, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उलगडलं. कोल्चिसिन पेशीतल्या ट्यूब्युलिन या प्रथिनाला चिकटतं, त्यामुळे पेशीचा आतला सांगाडा नीट उभा राहत नाही आणि दाहाच्या जागी धावणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात.

हे औषध हृदयापर्यंत पोहोचायला आणखी एक गोष्ट पटावी लागली: रोहिणीकाठिण्य हाही दाहच आहे. नळात गाळ साचावा तशी चरबी साचते, ही समजूत फार काळ टिकली. खरं तर रुडॉल्फ फिर्शोनं १८५० च्या दशकातच रोहिणीच्या भिंतीतल्या या बदलांना दाह म्हटलं होतं. पण १९१३ मध्ये पीटर्सबर्गच्या अनिच्कोव्हनं सशांना कोलेस्टेरॉल चारून तोच रोग घडवला, आणि पुढे सगळं लक्ष कोलेस्टेरॉलकडे गेलं. ते चुकीचं नव्हतं, अपुरं होतं. रसेल रॉस यांनी १९९९ मध्ये हा दाहरोग आहे असं ठामपणे मांडलं, तेव्हा फिर्शोचा धागा पुन्हा हाती आला.

मग प्रथिनांची साखळी दिसू लागली. लोझानच्या युर्ग चोप यांच्या गटानं २००२ मध्ये ‘इन्फ्लमझोम’ हा प्रथिनांचा जुडगा वर्णन केला. रोहिणीच्या भिंतीत शिरलेल्या भक्षक पेशी कोलेस्टेरॉल गिळतात. त्याचे स्फटिक झाले की एनएलआरपी३ नावाचा इन्फ्लमझोम जागा होतो, हे २०१० मध्ये दाखवलं गेलं. तो कॅस्पेज-१ ला चेतवतो. कॅस्पेज-१ दोन कामं करतं: इंटरल्यूकिन-१ बीटा हा दाहाचा निरोप्या तयार करतं, आणि गॅसडर्मिन-डी कापतं. कापलेलं गॅसडर्मिन पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं, पेशी फुटते आणि निरोप बाहेर सांडतो. पेशी शांतपणे मरून उचलली गेली तर फारसं बिघडत नाही. मेलेल्या पेशी उचलल्याच गेल्या नाहीत, तर त्यांचा मऊ गाभा साठतो. त्यावरचं आवरण पातळ होऊन फाटलं की गुठळी, आणि मग झटका. मला या साऱ्या कथेतला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो: माणसाचा जीव जातो तो आपल्याच रक्षक पेशींच्या मरणाच्या रीतीमुळे.

पुरावा २०१७ च्या ‘कँटोस’ चाचणीनं दिला. १०,०६१ रुग्णांत इंटरल्यूकिन-१ बीटा अडवणारं औषध वापरलं. कोलेस्टेरॉल उतरलं नाही, तरी मधल्या मात्रेत हृदयविकाराचे प्रसंग १५ टक्क्यांनी घटले. मात्र जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले आणि औषध होतं भलतंच महाग. स्वस्त कोल्चिसिन इथेच पुढे आलं. एनएलआरपी३ ची जुळणीही ते रोखतं. २०१९ च्या ‘कोलकॉट’ चाचणीत रोज अर्धा मिलिग्रॅम घेणाऱ्यांत ५.५ टक्क्यांना असे प्रसंग ओढवले, इतरांत ७.१ टक्क्यांना. २०२३ मध्ये अमेरिकेनं या वापराला मान्यता दिली. पुढच्याच वर्षी मात्र सात हजारांवर रुग्णांच्या ‘क्लिअर सिनर्जी’त झटक्यानंतर लगेच दिलेल्या कोल्चिसिनचा फायदा दिसला नाही. वाद मिटलेला नाही.

आपल्याकडे दाहाचा हा प्रश्न दूरचा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं खेड्यातले, झोपडवस्तीतले आणि शहरी मध्यमवर्गातले पुरुष तपासले होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मध्यमवर्गीयांच्या अंगात खेडुतांपेक्षा चरबीही जास्त होती आणि दाहाची खूण असलेलं सीआरपीही. महामार्गालगतची गावं झपाट्यानं शहरासारखी होत असताना हे लक्षात ठेवायला हवं.

आणि एक कळकळीची विनंती. हृदयाला चांगलं म्हणून कुणी कळलावीचा कंद उगाळून देऊ लागलं, तर घेऊ नका. कंदात विष किती उतरलंय हे डोळ्यांना दिसत नाही, आणि कोल्चिसिनच्या विषबाधेवर उतारा सहज मिळत नाही. गोळीसुद्धा मूत्रपिंडं तपासून, डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यायची.