काळ्या घोड्यापाशी उघडलेले दार

शाळेची सहल मुंबईला आली की ती राणीच्या बागेत जाते, चौपाटीवर जाते, आणि काळ्या घोड्यापाशी असलेल्या मोठ्या वस्तुसंग्रहालयातही जाते. त्या वस्तुसंग्रहालयाच्याच आवारात आणखी एक इमारत आहे. तिच्यात मात्र सहल सहसा शिरत नाही. हे जहांगीर कलादालन. आत जायला पैसे पडत नाहीत, आणि 'तुम्ही कोण, कुठले' असे दारावर कोणी विचारत नाही. आज याचे काही विशेष वाटत नाही. पण एक काळ असा होता की नव्या चित्रकाराला आपले चित्र टांगायला मुंबईसारख्या शहरात धड भिंत मिळत नव्हती.

प्रदर्शने भरत नव्हती असे नाही बरे का! बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ साली स्थापन झाली आणि तिची वार्षिक प्रदर्शने गाजत. परंतु तेथे काय टांगायचे ते निवडणारे ठरवीत, आणि जुन्या, सरावाच्या पद्धतीची चित्रे त्यांना जवळची वाटत. १९४७ साली सहा तरुणांनी एकत्र येऊन 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' काढला. त्यांत गोव्याचे सूझा होते. सिनेमाच्या मोठमोठ्या पाट्या रंगवून पोट भरलेले हुसेन होते. आरा तर घरकाम करून आणि मोटारी धुऊन चित्रकार झालेले. रझा, गाडे आणि शिल्पकार बाकरे हे उरलेले तिघे. १९४९ साली त्यांचे प्रदर्शन झाले ते रॅम्पार्ट रोवरील सोसायटीच्या लहानशा दालनात.

पुढे सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ देणगी दिली, आणि जानेवारी १९५२ मध्ये मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते कलादालन उघडले. कोणत्याही चित्रकाराने भाडे भरून भिंती घ्याव्यात आणि कोणीही आत येऊन पाहावे, अशी सोय झाली.

आता कोणीही येऊन पाहावे म्हटले, की पोलीसही येणारच. १९५४ साली अकबर पदमसी या २६ वर्षांच्या चित्रकाराचे प्रदर्शन तेथे भरले. पॅरिसला राहून आलेला हा तरुण. त्याच्या दोन चित्रांचे नाव होते 'लव्हर्स', म्हणजे प्रेमिक. विवस्त्र स्त्री-पुरुष, आणि पुरुषाचा हात स्त्रीच्या वक्षावर. चित्रे उतरवा, असे पोलिसांनी फर्मावले. पदमसींनी नकार दिला. उतरवली असती तर प्रकरण तेथेच मिटले असते. पण मग त्या भिंतीवर उद्या काय लागायचे ते पोलीसचौकीवर ठरले असते, नाही का? अश्लीलतेचा खटला उभा राहिला. मॅजिस्ट्रेटने पदमसींना निर्दोष सोडले. वरच्या कोर्टातही तो निकाल टिकला.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, पोलिसांचे तरी काय चुकले, अशी चित्रे चारचौघांत लावावीत का? प्रश्न रास्त आहे. तो हसण्यावारी नेऊ नये. परंतु आपण एकविरा आईच्या दर्शनाला कार्ल्याला जातो ना? देवळाला लागूनच चैत्यगृह आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरल्या आहेत, अंगावर वस्त्र नावापुरते, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभ्या. सुमारे दोन हजार वर्षे त्या तेथे आहेत. लेकुरवाळ्या बाया त्यांच्यासमोरून जातात, कोणाला संकोच होत नाही. माझ्या मते पदमसींच्या चित्रात खुपले ते नवेपण. डोळ्यांना सवय झालेली नव्हती, एवढेच. याच पदमसींना २०१० साली पद्मभूषण मिळाले.

आज तेथे भिंत मिळायला चित्रकाराला कित्येक वर्षे वाट पाहावी लागते. ज्यांना तेवढा धीर नाही किंवा भाडे परवडत नाही, ते बाहेरच्या फुटपाथवर चित्रे मांडून बसतात. तीही पाहण्याजोगी असतात. कधीकधी आतल्यापेक्षा बरी!

तेव्हा पुढच्या सहलीत अर्धा तास राखून ठेवा. प्रदर्शने दर आठवड्याला बदलतात, म्हणून काय दिसेल ते आधी सांगता येत नाही. काही चित्रे तुम्हालाही कळणार नाहीत, मुलांनाही नाहीत. पुष्कळदा चित्रकार स्वतःच एका कोपऱ्यात बसलेला असतो. 'हे असे का काढले?' हे मुलांना त्यालाच विचारू द्या. आपण मध्ये बोलू नये.