तारापूरचे पाइप आणि न दिसणारी भेग

पवईपासून उत्तरेला शंभरएक किलोमीटरवर तारापूर आहे. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकन बनावटीच्या. त्यांची व्यावसायिक वीजनिर्मिती ऑक्टोबर १९६९ मध्ये सुरू झाली. त्या वेळी अशा भट्ट्यांच्या पाइपांसाठी जगभर ३०४ जातीचं स्टेनलेस स्टील वापरत. आपल्या स्वयंपाकघरातल्या चांगल्या पातेल्याचंच ते भावंड. मग न गंजणाऱ्या या धातूला तडे का गेले?

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तो धातूचा थकवा. १९व्या शतकात वोलर यांनी रेल्वेच्या आसांवर त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशात नरोऱ्याला टर्बाइनची पाती अशाच थकव्याने तुटली आणि मोठी आग लागली. अणुभट्टी मात्र कर्मचाऱ्यांनी वेळीच बंद केली.

तारापूरसारख्या भट्ट्यांच्या पाइपांतली भेग वेगळी. तिला तीन गोष्टी एकत्र लागतात. पहिली, वेल्डिंगची उष्णता. वेल्डच्या शेजारच्या पट्ट्यात क्रोमियम कार्बनशी जोडलं जातं आणि धातूच्या कणांच्या कडा क्रोमियमला मुकतात. गंजापासून राखण करणारं तेच असतं. दुसरी, वेल्ड थंड होताना आत अडकून राहिलेला ताण. तिसरी, पाणी: सुमारे २८५ अंश तापलेलं, आणि किरणोत्सर्गाने रेणू फुटल्यामुळे त्यात ऑक्सिजन मिसळलेला. यातली एक जरी काढली, तरी भेग वाढायची थांबते किंवा फार मंदावते.

हे कळायला मात्र वेळ लागला. अमेरिकेत याच प्रकारच्या भट्ट्यांच्या पाइपांत १९७४-७५ च्या सुमारास एकामागून एक तडे सापडले, आणि पुढे १९८०च्या दशकात मोठ्या पाइपांतही. म्हणजे तारापूर उभारताना कोणी निष्काळजीपणा केला असं नव्हे. त्या काळच्या उत्तम ज्ञानातच ही उणीव होती. उत्तरंही तिथूनच आली: कमी कार्बनचं पोलाद, पाण्यात हायड्रोजन सोडणं, आणि वेल्डची अल्ट्रासोनिक तपासणी.

पण तपासणीला माणूस लागतो, आणि त्या पाइपांजवळ उभं राहणाऱ्याला किरणोत्सर्गाची मात्रा सोसावी लागते. म्हणून तिथे कोण, किती वेळ थांबणार याचा मिनिटांत हिशेब ठेवतात. २०२० मध्ये या दोन्ही भट्ट्या दीर्घ दुरुस्तीसाठी थांबवल्या. पाणी फिरवणारे पाइप बदलणं हे त्यातलं मोठं काम.

तेव्हा पुढच्या वेळी ‘अणुभट्टी दुरुस्तीसाठी बंद’ अशी बातमी वाचाल, तेव्हा लगेच घाबरू नका. मात्र एक विचारा: भेग आपण शोधली, की तिने आपल्याला गाठलं? पहिलं उत्तर मिळत राहावं म्हणून कोणीतरी त्या पाइपांपाशी उभं राहतं. आता तुमचे प्रश्न घेऊ.