रेडिओ व्यत्यय मापन, विद्युत् उपकरणांचे

विद्युत् चलित्राचे कुंचे, स्विच किंवा सैल जोड यांत ठिणग्या पडल्या म्हणजे विस्तृत कंप्रता-पट्टात ऊर्जा उत्सर्जित होते व जवळच्या ग्राहीत खरखर ऐकू येते. या उपद्रवास रेडिओ व्यत्यय म्हणतात. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी नियमित नभोवाणी सुरू झाली, त्या सुमारास यूरोपात हा प्रश्न तीव्र होऊ लागला होता. १९३३ च्या पॅरिस परिषदेतून ‘सीआयएसपीआर’ ही आंतरराष्ट्रीय विशेष समिती निर्माण झाली. अधूनमधून होणाऱ्या टकटकीपेक्षा अखंड खरखर श्रोत्यास अधिक त्रास देते. म्हणून झटकन भारित व सावकाश विभारित होणारा ‘आभासी शिखर’ अभिज्ञातक मापनासाठी स्वीकारण्यात आला.

३० मेगॅहर्ट्‌झच्या खाली पुरवठा-अग्रांवरील विद्युत् दाब मोजणे पुरेसे ठरते. त्यावर मात्र लहान उपकरणाची जोडतारच आकाशकाचे काम करते. खुल्या मैदानात क्षेत्रतीव्रता मोजणे खर्चाचे व जमिनीवरील परावर्तनांमुळे किचकट असते. १९६० नंतरच्या दशकात स्वित्झर्लंडमधील मेयर द श्टाडेलहोफेन यांनी शोषक पकड योजिली. फेराइटाच्या कड्यांत प्रवाह-रोहित्र बसवून ती तारेभोवती लावतात. एरवी प्रारित झाली असती ती ऊर्जा कडी शोषून घेतात. तारेवर स्थायी तरंग निर्माण होत असल्याने प्रत्येक कंप्रतेस पकड सरकवून कमाल मूल्य शोधावे लागते. ३० मेगॅहर्ट्‌झला अर्धी तरंगलांबी ५ मी. असते, म्हणून तार सु. ६ मी. सरळ ताणतात. घरगुती उपकरणांसाठी मर्यादा ३० मेगॅहर्ट्‌झला ४५ डेसिबेल (पिकोवॉट-सापेक्ष) असून ३०० मेगॅहर्ट्‌झला ती ५५ पर्यंत वाढते. ४५ डेसिबेल म्हणजे मायक्रोवॉटचा सु. तिसावा भाग. भारतात आयएस ६८७३ हे मानक या विषयाशी संबंधित आहे.

ही मर्यादा शेजारच्या श्रोत्यासाठी आहे, खगोलशास्त्रज्ञासाठी नव्हे. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शकाची (जीएमआरटी) जागा निवडताना व्यत्ययाची अल्पता हे एक कारण होते. प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्या सु. २५ किमी. विस्तारात पसरलेल्या आहेत, त्यांच्या सभोवती शेते, पंप व वीजवाहिन्या. हायड्रोजनाची १,४२० मेगॅहर्ट्‌झची रेषा दूरस्थ दीर्घिकांकडून येताना अधिक खालच्या कंप्रतांवर सापडते, आणि तेथेच वाहिन्यांवरील ठिणग्यांचा उपद्रव जास्त असतो. सदोष निरोधक बदलणे किंवा सैल जोड घट्ट करणे हा खरा उपाय. परंतु वीज गावकऱ्यांची गरज असल्याने सर्वच स्रोत नाहीसे करता येत नाहीत. दूरदर्शकाच्या अद्ययावत प्रणालीत अशा अल्पकालिक स्पंदांना सांख्यिकीय निकषाने ओळखून तत्क्षणी वगळण्याची सोय केलेली आहे.