लहान लेकराला दुसरी भाषा कशी शिकवायची? आधी घरची बोली जपा

चकलांबा (ता. गेवराई) : राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू झाली. पण तांड्यावर घरी गोरमाटी बोलणाऱ्या लेकराला शाळेतली मराठी हीच दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी.

म्हणून घरची बोली बंद करायची गरज नाही. जे लेकरू आपल्या बोलीत मनमोकळं बोलतं, त्याला नवी भाषा सोपी जाते. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा, असंच सांगतं.

घरी काय करायचं?
• आधी ऐकणं-बोलणं, लिहिणं नंतर.
• रोज दहा मिनिटं. भाकरी, पाणी, बैल दाखवून दोन्ही भाषांतली नावं घ्या.
• गोष्ट आधी बोलीत सांगा, मग तीच मराठीत.
• चुकलं तर हसू नका. बरोबर वाक्य आपणच परत बोला.

ऊसतोडीला लेकरं सोबत नेणार असाल, तर निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. राज्यात कारखान्याजवळच्या शाळेत बसवताना ते कामाला येतं. शिकण्यात चार-पाच महिन्यांचा खंड पडला, तर आलेली भाषाही मागे पडते.