हलच्या खासदाराची पत्रं

अँड्र्यू मार्व्हेल कवी म्हणून प्रसिद्ध आहे. मला आवडतो तो खासदार मार्व्हेल. १६५९ पासून १६७८ मध्ये मरेपर्यंत तो इंग्लंडमधल्या हल बंदराचा प्रतिनिधी होता. लंडनहून त्याने तिथल्या महापौराला आणि नगरसभेला लिहिलेली सुमारे ३०० पत्रं आज उपलब्ध आहेत.

विधेयक कुठवर आलं, राजाला किती पैसे हवेत, फ्रान्सशी युद्ध होणार का? सगळं आमच्या रिलीज नोट्ससारखं कोरडं. पण हलचं पोट उत्तर समुद्रातल्या व्यापारावर होतं. युद्ध म्हणजे जहाजं अडकणार, कर वाढणार. जून १६६७ मध्ये तर डचांनी मेडवे नदीत शिरून इंग्रज युद्धनौका जाळल्या, ‘रॉयल चार्ल्स’ ओढून नेली.

तेव्हा संसदेतलं कामकाज बाहेर फोडायला मनाई होती. म्हणून पत्रं तिसऱ्याच्या हाती पडू देऊ नका, असं तो बजावायचा. वाचणारे मूठभर प्रतिष्ठितच होते. पण त्याचा दिवसाचा ६ शिलिंग ८ पेन्स भत्ता हलच द्यायचं, आणि हिशेबही हललाच मिळायचा.

आज संसद लाइव्ह दिसते. तरी खासदाराचं सीमेवरच्या तणावाबद्दलचं रील आलं, की मी दोन गोष्टी शोधतो: खर्च किती येणार, आणि सभागृहात त्यांनी काय विचारलं?