न पाहिलेला आकार

आमच्या खैरलांजीत मोरचूद दोन नावांनी विकत मिळते. मराठी घरातला माणूस मोरचूद मागतो, दुकानदार नीला थोथा देतो. पुडीतला निळा खडा एकच. (तांबे तर आमच्याच बालाघाट जिल्ह्यात, मलाजखंडला निघते.) या खड्याच्या पाण्यात अमोनिया थेंबथेंब सोडला की आधी फिकट निळा साका बसतो, आणखी सोडला की तो विरघळून पाणी गर्द निळे होते. तांब्याच्या अणूभोवती अमोनियाचे चार रेणू येऊन बसतात, त्याचा हा रंग.

माझा विषय इतिहास. रसायनाचे गुरुजी रजेवर गेले की त्यांचा तास माझ्या गळ्यात पडतो, एवढाच माझा या शास्त्राशी संबंध. पण बारावीत गेलेला एक जुना विद्यार्थी ‘उपसहसंयोजन यौगिक’ हा धडा घेऊन घरी आला. मराठीत यांना जटिल संयुगे म्हणू. त्याने विचारले, “सर, अणू कोणी पाहिलाच नव्हता, तर त्याच्या भोवतीचा आकार अष्टफलक, हे ठरवले कसे?”

उत्तर शोधता शोधता मी आल्फ्रेड वर्नरपर्यंत पोहोचलो. १८६६ साली तो आल्सास प्रांतातल्या म्यूलूझ गावी जन्मला. गाव तेव्हा फ्रान्सचे होते. १८७१ मध्ये जर्मनीचे झाले आणि म्युलहाउझेन म्हणून ओळखले जाऊ लागले. पोराची घरची भाषा फ्रेंच, शाळेची जर्मन. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. आपल्या घरांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

त्या काळी कोबाल्ट क्लोराइड आणि अमोनिया यांची रंगीत संयुगे रसायनज्ञांना कोड्यात टाकत होती. सहा अमोनियाचे पिवळे, पाचांचे जांभळट लाल, चारांचे हिरवे. तिन्हींत क्लोरीन तीनच. पण सिल्व्हर नायट्रेट घातले की पिवळ्यातून तिन्ही क्लोरीन साक्यात येतात, जांभळट लालमधून दोन, हिरव्यातून एकच. डेन्मार्कचा योर्गेनसन अमोनियाच्या साखळ्या मानून उलगडा करी. २६ वर्षांच्या वर्नरने १८९३ मध्ये म्हटले की साखळी नाही; कोबाल्टभोवती सहा जागा आहेत, आणि तिथे बसलेला क्लोरीन सुटत नाही.

पण सहा जागांची मांडणी कशी? मुलाला मी बटाट्यात सहा काड्या टोचायला लावल्या. चार टोके अमोनियाची, दोन क्लोरीनची. सहाही काड्या एका पातळीत षट्कोनी असतील, तर दोन क्लोरीन तीन तऱ्हांनी बसतात. त्रिकोणी लोलकाच्या कोपऱ्यांवरही तीन. अष्टफलकात मात्र दोनच: शेजारी किंवा समोरासमोर. अमोनियाऐवजी एथिलीनडायअमाइन घेतलेल्या संयुगात रूपे दोनच मिळाली होती, हिरवे आणि जांभळे, आणि तीही योर्गेनसननेच तयार केलेली! साध्या अमोनियाचे जांभळे भावंड वर्नरला १९०७ मध्ये सापडले. तेव्हा योर्गेनसनने मोकळेपणाने हार मानली. वादात हरलेला हा माणूस मला फार मोठा वाटतो. त्याच्या चोख प्रयोगांवाचून वर्नर उभाच राहिला नसता.

तरी शंका उरतेच. तिसरे रूप सापडले नाही म्हणजे ते नाहीच, असे इतिहासातही म्हणता येत नाही. वर्नरला हे कळत होते. अष्टफलक खरा असेल तर काही संयुगांची डाव्या-उजव्या हातांसारखी जोडी असली पाहिजे. १९११ मध्ये, किंग या अमेरिकन विद्यार्थ्यासह, त्याने ती वेगळी केली. हा गुण त्यातल्या कार्बनचा असेल, अशी शंका निघाली. १९१४ मध्ये त्याने कार्बनविरहित संयुगाचीही जोडी वेगळी करून दाखवली. १९१३ चे नोबेल त्याला मधल्या काळात मिळाले होते.

व्हर्सायच्या तहाने १९१९ मध्ये आल्सास फ्रान्सकडे परत गेला. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला वर्नर झुरिकमध्ये वारला. दोन वर्षांनी क्ष-किरणांनी प्लॅटिनमच्या एका क्षाराचा स्फटिक तपासला, तेव्हा सहा क्लोरीन अष्टफलकाच्याच टोकांवर आढळले.

मुलगा बटाटा काड्यांसकट घरी घेऊन गेला. जाताना म्हणाला, “सर, अष्टफलक हा शब्द मात्र दोन्ही पुस्तकांत एकच आहे.”