तीन देश, एकच शिरगणती

आफ्रिकेचा नकाशा उघडून विषुववृत्ताच्या थोडे खाली, किवू आणि एडवर्ड या दोन सरोवरांच्या मधे बोट ठेवले, की ते आठ ज्वालामुखींच्या एका रांगेवर येते. या रांगेचे नाव विरुंगा. त्यातल्या साबिन्यो नावाच्या डोंगरमाथ्यावर काँगो, रवांडा आणि युगांडा या तीन देशांच्या सीमा एकत्र मिळतात. इथले गोरिलांचे जंगल जेमतेम साडेचारशे चौरस किलोमीटरचे, म्हणजे साधारण मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीएवढे. जंगल संपते तिथेच बटाट्याची आणि घेवड्याची शेते सुरू होतात. जगातल्या पहाडी गोरिलांपैकी निम्म्याहून अधिक एवढ्याशा जागेत राहतात. उरलेले राहतात ते इथून काही मैलांवर, युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलात आणि त्याला लागून काँगोत असलेल्या सारांब्वेच्या छोट्या रानात.

विरुंगातल्या गोरिलांची संख्या १९८१ साली २५४ होती. २०१६ साली ती ६०४ भरली. मधल्या पस्तीस वर्षांत याच टापूत एक वंशसंहार झाला, दोन मोठी युद्धे झाली आणि लहानसहान चकमकींना तर गणतीच नाही. मग गोरिला वाढले कसे? हा प्रश्न गेली काही वर्षे माझी पाठ सोडत नाही. मी प्राणिशास्त्राचा माणूस नव्हे. माझी डॉक्टरेट अभियांत्रिकीतली, आणि पोटापाण्याचा उद्योग संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचा. त्यातही वेगवेगळ्या संस्थांच्या नोंदी एकमेकींशी जुळवून देण्याचा. पण या इतिहासात शिरल्यावर वाटू लागले, की त्याच्या मुळाशी आमच्या उद्योगातली एक अगदी साधी गोष्ट आहे. ती सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

पाश्चात्त्य विज्ञानाला पहाडी गोरिलाची ओळख झाली १९०२ साली. रॉबर्ट फॉन बेरिंगे या जर्मन लष्करी अधिकाऱ्याने साबिन्योच्याच उतारावर दोन गोरिला मारले आणि पुढच्या वर्षी या प्राण्याला त्याचे नाव मिळाले. आठच वर्षांनी, १९१० साली, जर्मनी, ब्रिटन आणि बेल्जियम यांच्या प्रतिनिधींनी ब्रुसेल्समध्ये बसून या भागातली सीमारेषा ठरवली. रेषा आखणाऱ्यांना डोंगरांची शिखरे सोयीची वाटली. जंगल मात्र शिखराच्या दोन्ही अंगांनी खाली उतरते, आणि गोरिलांचा कळप बांबूचे कोंब फुटले की आज या उतारावर तर उद्या त्या उतारावर जातो. पुढच्या सगळ्या अडचणींचे बीज त्या एका रेषेत होते.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी मुलाबाळांना घेऊन न्यूयॉर्कचे नैसर्गिक इतिहासाचे संग्रहालय पाहिले असेल. तिथल्या आफ्रिकेच्या दालनात काचेआड गोरिलांचे एक कुटुंब आहे. माझ्या मुलीने लहानपणी विचारले होते, "बाबा, हे खरे आहेत का?" खरेच आहेत. कार्ल एकली यांनी १९२१ साली विरुंगात जाऊन ते संग्रहालयासाठी मिळवले. मात्र त्या मोहिमेनंतर या प्राण्याला संरक्षण हवे, हा ध्यास त्यांनी घेतला आणि बेल्जियमचा राजा आल्बर्ट याच्यापर्यंत तो विषय नेला. १९२५ साली तिथे आफ्रिकेतले पहिले राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. पुढच्याच वर्षी एकली पुन्हा विरुंगात गेले असताना आजारी पडले आणि मिकेनो पर्वताच्या उतारावर वारले. त्यांना तिथेच पुरले आहे.

त्या काळी काँगो आणि रवांडा या दोन्हींवर बेल्जियमची सत्ता होती. त्यामुळे १९२९ साली उद्यान वाढवताना ते दोन्हीकडे पसरवता आले. युगांडाच्या बाजूला ब्रिटिशांनी १९३० साली म्गाहिंगाचे छोटे अभयारण्य केले. म्हणजे परकीयांनी तोडलेले जंगल परकीयांनीच बरेचसे पुन्हा जोडले होते. पण ही जोडणी मालक एक असल्यामुळे होती. शेजारी एकत्र आल्यामुळे नव्हे. काँगो १९६० साली स्वतंत्र झाला, रवांडा आणि युगांडा १९६२ साली, आणि तीन तुकड्यांचा कारभार तीन राजधान्यांतून चालू लागला.

याच सुमारास, १९५९-६० साली, जॉर्ज शॅलर यांनी कबाराच्या कुरणाजवळ मुक्काम करून या गोरिलांचा पहिला सविस्तर अभ्यास केला. कान्ह्याच्या वाघांवरच्या पुस्तकामुळे पुढे आपल्याकडे माहीत झालेले तेच हे शॅलर. त्यांचा अंदाज साधारण साडेचारशे गोरिलांचा होता. त्यानंतर उतरती कळा लागली. रवांडाने १९६९ साली उद्यानातली सुमारे दहा हजार हेक्टर जमीन पायरेथ्रमच्या लागवडीसाठी काढून घेतली. हे शेवंतीच्या जातीचे पांढरे फूल. त्यापासून कीटकनाशक बनते आणि ते परदेशी विकले जाते. डायन फॉसी यांनी १९६७ साली रवांडाच्या बाजूला कारिसोके हे संशोधन केंद्र काढले आणि शिकाऱ्यांशी उघड वैर धरले. १९८५च्या डिसेंबरात त्यांचा तिथेच खून झाला. त्यांच्या धैर्याबद्दल दुमत नाही. पण एका केंद्राभोवती कितीही कडक पहारा ठेवला, तरी कळप सीमेपलीकडे गेला की तो पहारा निरुपयोगी ठरतो.

१९७९ साली रवांडात गोरिला पाहायला येणाऱ्या पर्यटकांकडून शुल्क घेण्याची योजना सुरू झाली. त्या वेळी उद्यानाचा आणखी एक मोठा तुकडा गुरांसाठी मोकळा करण्याचा विचार चालू होता. जिवंत गोरिला पैसा आणतो हे दिसल्यावर तो बारगळला. १९९१ साली तीन आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून तिन्ही देशांसाठी एक सामाईक गोरिला कार्यक्रम हाती घेतला. त्याच वर्षी युगांडाने म्गाहिंगा आणि ब्विंडी यांना राष्ट्रीय उद्यानांचा दर्जा दिला.

मुहूर्त मात्र वाईट होता. १९९०च्या ऑक्टोबरात रवांडात यादवी सुरू झाली होती आणि बंडखोरांनी याच ज्वालामुखींच्या जंगलात ठाण मांडले होते. १९९४ साली तिथे शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. जुलैमध्ये लाखो निर्वासित काही दिवसांत सीमा ओलांडून काँगोतल्या गोमा शहराजवळ आले. त्यांच्या छावण्या उद्यानाला खेटून होत्या आणि रोज हजारो माणसे सरपणासाठी जंगलात शिरत. १९९६ आणि १९९८ साली काँगोत दोन युद्धे पेटली. रवांडा आणि युगांडा या दोघांचीही सैन्ये काँगोत घुसली, आणि २००० साली तर किसांगानी शहरात ती आपसातच लढली. पूर्व काँगोतल्या वनरक्षकांचा पगार राजधानीहून येणे बंद झाले.

अशा दिवसांत सहकार्य कोण कोणाशी करणार? आणि इथेच मला या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट दिसते. १९९७च्या सुमारास तिन्ही देशांच्या वनरक्षकांना गस्तीच्या नोंदीसाठी एकाच नमुन्याचे तक्ते दिले गेले. गोरिलांचा कोणता कळप कुठे दिसला, हत्ती आणि गव्यासारखे जंगली रेडे यांच्या खुणा कुठे मिळाल्या, शिकाऱ्यांचे किती फास काढले, ही माहिती तिघांनीही एकाच पद्धतीने लिहायची. जागा दाखवायला हातात जीपीएसचे यंत्र. काँगो आणि रवांडाचा कारभार तेव्हा फ्रेंचमधून चाले, युगांडाचा इंग्रजीतून. पण डोंगराच्या तिन्ही अंगांना किन्यारवांडा आणि तिच्या बोली समजतात. साहेबांना दुभाषी लागला तरी रक्षकांना लागत नसे.

आमच्या उद्योगात दोन संस्थांच्या नोंदी जुळवायला बसले, की पहिले सहा महिने भांडण होते ते रकान्यांवरून. एकाची तारीख महिन्याने सुरू होते, दुसऱ्याची दिवसाने. एक मैलात मोजतो, दुसरा किलोमीटरमध्ये. रकाने एकदा जुळले की माणसे आपोआप एकमेकांना फोन करू लागतात, कारण आता दुसऱ्याच्या कागदावरचे आपल्याला कळते आणि आपल्या उपयोगाचे असते. विरुंगात नेमके हेच घडले. पलीकडच्या रक्षकाने फास कुठे काढले हे अलीकडच्याला कळू लागले, आणि त्यातून सीमेवर ठरवून एकत्र गस्ती निघू लागल्या.

शिरगणतीची पद्धत पाहिली की हे आणखी स्पष्ट होते. गोरिला सहसा प्रत्यक्ष मोजत नाहीत. त्यांची अंथरुणे मोजतात. प्रत्येक मोठा गोरिला रोज संध्याकाळी पानापाल्याचे नवे अंथरूण करतो, तान्हे पोर आईजवळ झोपते. अंथरुणातल्या विष्ठेच्या आकारावरून वय ठरते. रुपेरी केस सापडले तर तो कळपाचा जाणता नर. एका कळपाच्या लागोपाठ तीन रात्रींच्या मुक्कामांवर मोजणी पडताळतात. अलीकडे त्या विष्ठेतून जनुकीय ओळखही पटवतात, म्हणजे एकच प्राणी दोनदा मोजला जात नाही. पथके जंगलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओळीने सरकतात, आणि ती सीमेपाशी थांबून चालत नाही.

समजा, तिन्ही देशांनी आपापल्या वेळी आपापली गणती केली असती. काही कळप दोनदा मोजले गेले असते, काही एकदाही नाही, आणि बेरीज काहीही आली तरी तिला अर्थ नसता. योग्य आकडा हवा असेल तर तो एकट्याला मिळतच नाही. २००३च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, काँगोचे युद्ध कागदावर संपून काही महिनेच झाले असताना, तिन्ही देशांच्या माणसांनी मिळून गणती केली आणि आकडा आला ३८०. १९८९च्या गणतीत तो सुमारे ३२० होता. २०१० साली ४८० झाला, २०१५-१६ साली ६०४. ब्विंडी आणि सारांब्वेची २०१८ सालची गणती ४५९ची. दोन्ही मिळून १,०६३. २०१८च्या नोव्हेंबरात हा प्राणी अतिसंकटग्रस्तांच्या यादीतून एक पायरी खाली, संकटग्रस्तांच्या यादीत आणला गेला.

आता करारांचा क्रम पाहा. तिन्ही उद्यानखात्यांच्या प्रमुखांचा समझोता २००४ सालचा. मंत्र्यांचा गोमा जाहीरनामा २००५चा. त्यानंतर किगालीत सामाईक सचिवालय निघाले. सरकारांमधला रीतसर तह २०१५चा. म्हणजे तक्ता आधी, गस्त मग, गणती त्यानंतर, आणि तह सर्वांत शेवटी. परिषदांमधून नेहमी याच्या उलट शिकवतात: आधी तह करा, मग कार्यालय उघडा, मग कामाला लागा. तसे केले असते तर पहिल्या सहीची वाट पाहण्यातच गोरिलांचे दिवस भरले असते.

पैशाचाही वाटा आहे. रवांडात गोरिला पाहण्याचा परवाना २०१७पासून १,५०० डॉलरचा झाला. उद्यानांच्या उत्पन्नातले पाच टक्के २००५पासून आणि दहा टक्के २०१७पासून भोवतालच्या गावांना मिळू लागले. म्गाहिंगाचा माणसाळलेला कळप अनेकदा रवांडात निघून जाई आणि युगांडाकडे पर्यटकांना दाखवायला काही उरत नसे. असा कळप पलीकडे गेला तर उत्पन्न कसे वाटायचे, याचीही बोलणी दोन्ही देशांना करावी लागली.

या यशाची किंमत सगळ्यांनी सारखी मोजली नाही. या जंगलांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या बात्वा लोकांना उद्याने झाली तेव्हा बाहेर काढले गेले, आणि त्यांच्यातले बहुतेक आज भूमिहीन आहेत. काँगोच्या विरुंगा उद्यानात आजवर दोनशेहून अधिक वनरक्षक कामावर असताना मारले गेले. २०२०च्या एप्रिलमध्ये एकाच हल्ल्यात बारा रक्षक गेले. २००७च्या जुलैमध्ये सेन्क्वेक्वे हा नर आणि त्याच्या कळपातल्या माद्या गोळ्या घालून मारल्या गेल्या. संशय होता जंगलातल्या चोरट्या कोळशाच्या धंद्यातल्या लोकांवर.

आणि युद्ध पुन्हा आले आहे. एम-२३ या बंडखोर संघटनेने २०२२ साली काँगोच्या बाजूचा गोरिलांचा भाग व्यापला आणि २०२५च्या जानेवारीत गोमा शहर घेतले. या संघटनेला रवांडाची मदत असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी म्हटले आहे. रवांडा ते नाकारतो. त्याच वर्षी जूनमध्ये वॉशिंग्टनला दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी शांतता करारावर सह्या केल्या. त्या सह्यांचे काय होईल याचे भाकीत मी करणार नाही. विरुंगाचे सहकार्य याआधी एका वणव्यातून निघाले, ते कागदावरच्या सह्यांपेक्षा तक्ते भरणाऱ्या माणसांच्या परस्परओळखीवर, एवढे मात्र इतिहासात दिसते. तीच माणसे मारली गेली, पांगली किंवा पगाराविना घरी बसली, तर पुढचा आकडा कोणालाच काढता येणार नाही.

आपल्यापैकी बरेच जण दरवर्षी डिसेंबरात देणग्यांचे धनादेश लिहितात, आणि त्यांत वन्यप्राण्यांसाठीही एखादा असतो. तो लिहिण्याआधी त्या संस्थेला एक प्रश्न जरूर विचारावा: तुमच्या पैशातून जंगलात चालणाऱ्या माणसाचा पगार, त्याचे बूट आणि त्याच्या हातातला तक्ता यांच्यासाठी किती जातो? विरुंगाची सारी कमाई त्या तीन गोष्टींवर उभी आहे.